गाण्यात आलेले पाय

मालकम ओल्डरॉइडच्या गाण्यातली सगळ्यात सुंदर जागा कुठली, तर जिथे काहीच वाजत नसे ती. हे त्याचं स्वतःचं मत होतं, आणि त्या वेळी, म्हणजे एकोणीसशे ऐंशी साली, जगात दुसऱ्या कुणाचंही नव्हतं.

गाण्याचं नाव 'कोण आलं?'. एक माणूस पुढच्या खोलीत पाहुण्याची वाट बघत बसलाय, एवढीच त्यातली गोष्ट. सिंथेसायझर घोंघावायचा, ठेक्याचा डबा टिकटिक करायचा आणि मालकमची बायको जिलियन, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता, कोरड्या आवाजात गायची: 'दार वाजलं, दार वाजलं, कोण आलं?' आणि मग सगळं ठप्प. सूर बंद, ठेका बंद. आपण जन्मभर कशाची वाट बघतोय हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडावा, आणि तो खुर्चीत चुळबुळायला लागला की जिलियनने अगदी हळू शेवटचं कडवं घ्यायचं: 'कोणीच नाही.' त्या शांततेवर मालकमने जेवढी मेहनत घेतली होती तेवढी सुरांवर घेतली नव्हती. ती किती लांब असावी यावरून नवरा-बायकोत अबोलासुद्धा झाला होता.

मालकमच्या आईने ती शांतता पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती स्वयंपाकघरातून पर्स घेऊनच आली.

"मीटरमधलं नाणं संपलं वाटतं," म्हणाली, आणि जिन्याखालच्या, नाणं टाकावं तेवढीच वीज देणाऱ्या मीटरमध्ये तिने नाणं सरकवलं. तेवढ्यात शेवटचं कडवं सुरू झालं. "बघ! टाकल्याबरोबर चालू झालं."

मालकमने दात आवळले. दात आवळणं हा ओल्डरॉइड घराण्याचा गुण. त्याच्या वडिलांनी जन्मभर दात आवळले आणि शेवटी ते कवळी लावूनही आवळत असत.

मालकम लंडनपासून लांब, उत्तरेकडच्या क्लेगडेन गावच्या नगरपालिकेत गटार खात्यात कारकून होता. कुणाकडे काय तुंबलं, कुठे झाकण गेलं, हे टिपून घ्यायचं आणि माणसं पाठवायची, हे त्याचं काम. पण दक्षिणेकडे कुठेतरी पोरं सिंथेसायझर घेऊन गाणी करतात, चौघं-पाचजण लागत नाहीत, दोघांत भागतं, आणि त्याला 'न्यू वेव्ह', म्हणजे नवी लाट म्हणतात, हे त्याने वाचलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. जोडीचं नाव त्याने ठेवलं 'ग्रे चेंबर'. जिलियनला वाटलं, चेंबर म्हणजे एखादं गूढ दालन. मालकमच्या मनात चेंबर म्हणजे गटाराचंच होतं. पण एवढं सगळं बायकोला सांगायची गरज नसते.

सराव पुढच्या खोलीत. आता क्लेगडेनमध्ये प्रत्येक घराला पुढची खोली असे आणि तिच्यात कुणी बसत नसे. तिथला चांगला सोफा, चांगला दिवा, चांगला गालिचा हे सगळं पाद्रीसाहेब, नाताळ आणि मयत यांच्यासाठी राखून ठेवलेलं.

"तुझ्या बाबांना शेवटचं इथंच ठेवलं होतं," आई म्हणाली. "त्यांनी कसलाही आवाज केला नाही."

"आई, त्यांना करता येणार नव्हता."

"तरीपण."

अखेर बूट बाहेर काढायचे, सोफ्याचं आवरण हलवायचं नाही आणि पाद्रीसाहेब दिसले की सिंथेसायझरवर चादर टाकून त्याला टेबल म्हणायचं, या अटींवर परवानगी मिळाली. ग्रे चेंबरचं सुरुवातीचं सगळं संगीत अशा रीतीने मोज्यांवर उभं राहून झालेलं आहे. पुढे एका जाणकाराने त्यात 'जमिनीशी तुटलेल्या माणसाचा सूर' ऐकला, त्याचं मूळ हे.

त्या सरावात भरलेल्या कॅसेट मालकमने लंडनच्या रेकॉर्ड कंपन्यांना धाडल्या. आणि इकडे पलीकडच्या घरातले मिस्टर मर्गाट्रॉइड अस्वस्थ झाले.

मर्गाट्रॉइड हे निवृत्त गृहस्थ. त्यांना सल्ला द्यायची सवय होती आणि तो घ्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. भिंतीपलीकडून संध्याकाळी ग्वँऽऽ असा एक आवाज येतो, मग थांबतो, मग पुन्हा येतो, हे त्यांनी नीट ऐकलं. गाण्याची शंका त्यांना आली नाही. गाणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण ते चर्चमध्ये गात. त्यांनी निष्कर्ष काढला की गटार कण्हतंय. आणि त्यांनी रीतसर नगरपालिकेत तक्रार केली.

तक्रार आली ती मालकमच्याच टेबलावर.

मालकमच्या जागी दुसरा कुणी असता तर हसून म्हणाला असता, "अहो काका, तो मी." पण मालकमच्या तोंडून ते निघेना. ज्या सुरासाठी आपण रक्त आटवलं त्याला गटार म्हणतात हे सरकारी कागदावर स्वतःच्या हाताने कबूल करायचं? त्याने तक्रारीवर 'पाहणी केली, दोष आढळला नाही' असं लिहिलं. मर्गाट्रॉइडनी दुसरी तक्रार केली: पाहणीला कुणीही आलं नव्हतं. तिसरी त्यांनी थेट वरच्या साहेबांकडे केली. साहेबांनी मालकमला बोलावलं.

"ओल्डरॉइड, हा तुझाच रस्ता ना? तुला काही ऐकू येतं का?"

"संध्याकाळी थोडं... येतं, साहेब."

"मग खणायला हवं."

आणि रस्ता खणला. ओल्डरॉइडांच्या दारापासून मर्गाट्रॉइडांच्या दारापर्यंत चर पडला. त्यात एक जुनी सायकल मिळाली, एक कवळी मिळाली, दोष मिळाला नाही. कामगार संध्याकाळी चरात कान लावून बसत, त्यामुळे मालकमला सराव करता येईना. आईला फळीवरून घरात यावं लागे. "बाबांची शवपेटी या दारातून निघाली ते बरं झालं," ती मर्गाट्रॉइडना म्हणाली, "आता गेले असते तर त्यांना खिडकीतून काढावं लागलं असतं."

अशा आणीबाणीच्या प्रसंगी लंडनहून फोन आला. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा ज्युलियन फॅन्शॉ नावाचा माणूस बोलत होता. त्याला कॅसेट आवडली होती. शुक्रवारी तो त्याच बाजूला येणार होता. तुम्ही लोकांसमोर कुठे वाजवता, त्याने विचारलं.

ग्रे चेंबर आजवर लोकांसमोर वाजलंच नव्हतं. आईला लोक म्हटलं तरच.

"आम्ही दर शुक्रवारी वाजवतो," मालकम म्हणाला. "स्कार लेनच्या कामगार क्लबात."

फोन ठेवल्यावर जिलियन त्याच्याकडे बघत राहिली. "तू क्लबाचा सभासद तरी आहेस का?"

"बाबा होते."

"आणि शुक्रवारी तिथे काय असतं?"

"बिंगो," मालकमने कबूल केलं, आणि दात आवळले.

स्कार लेन क्लबात कार्यक्रम ठरवायचा अधिकार एकाच माणसाला होता. विल्फ हेपवर्थ. चष्मा कपाळावर, कानामागे पेन्सिल, आणि समोर मायक्रोफोन. तो मायक्रोफोन विल्फ कुणाला देत नसे. बिंगोचे, म्हणजे आपल्या हाउझीसारख्या खेळाचे आकडे, हरवलेल्या छत्र्या, सभासदांची लग्नं, सभासदांचे मृत्यू, सगळं एकाच सुरात विल्फच्या तोंडून जाहीर व्हायचं. आणि सगळ्यात मोठी घोषणा म्हणजे पाय.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हा पाय चालायचा नव्हे. मैद्याच्या वाटीत खिमा आणि बटाटा भरून, वर झाकण लावून भाजतात, तो पाय. क्लेगडेनमध्ये चालायच्या पायांपेक्षा या पायांना मान जास्त होता. क्लबाच्या स्वयंपाकघरातली एडना खिडकीतून विल्फला अंगठा दाखवायची, विल्फ मायक्रोफोनमध्ये "पाय आले!" म्हणायचा, आणि सभागृह उठायचं. स्टेजवर कुणी का असेना, गाणारा गाण्यात असो की जादूगार बाईला कापण्यात, लोक उठायचेच. पण विल्फने म्हटल्याशिवाय कुणीही उठायचं नाही, पाय डोळ्यांसमोर वाफाळत असले तरी. त्याला शिस्त म्हणतात.

"किती जण तुम्ही?" विल्फने विचारलं.

"दोघं."

"ढोल कोण वाजवतो?"

मालकमने डबा दाखवला. विल्फने तो सगळ्या बाजूंनी पाहिला. "म्हणजे तिघं. हा सभासद आहे का?"

"विल्फ, तो डबा आहे."

"कलाकारांच्या जागेवर बसणार की नाही? मग एक तर सभासद नाही तर पाहुणा. पाहुणा असेल तर सभासदाची सही लागते. तुझं तुझ्या बाबांच्या नावावर भागेल. बायकांना क्लबाचं सभासदत्व नाही, म्हणजे तुझ्या बायकोलाही सहीच लागेल."

"म्हणजे मी आणि डबा एकाच पंक्तीत?" जिलियन म्हणाली.

"नाही बाळ, थोडा फरक आहे," विल्फ मायेने म्हणाला. "डब्याला बारच्या काउंटरशी उभं राहता येतं."

समितीची बैठक झाली. डब्यावर इतकी चर्चा झाली की जिलियनचा विषय आपोआप मंजूर झाला, आणि डबा विल्फच्या सहीने पाहुणा ठरला. क्रम ठरला: आधी बिंगो, मग ग्रे चेंबर, मग पाय, मग पुन्हा बिंगो.

"म्हणजे आम्ही मुख्य कार्यक्रम?" मालकमने विचारलं.

"तुम्ही म्हणजे पाय गरम होईपर्यंतची सोय, राजा. मनाला लावून घेऊ नकोस. सगळे कलाकार तेच असतात."

फलकावर विल्फने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'शुक्रवारी. ग्रे चेंबर. न्यू वेव्ह.' आणि तिथेच पुढचा घोटाळा झाला. क्लेगडेनमध्ये वेव्ह म्हणजे समुद्राची लाट नव्हे, समुद्र लांब होता. वेव्ह म्हणजे केसांची. सलूनमध्ये जाऊन औषध लावून, बारीक नळ्यांवर केस गुंडाळून ज्या लाटा काढतात त्या. नवी लाट आलीय आणि शुक्रवारी क्लबात फुकट करून दाखवणार आहेत, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर पसरली. क्लबाला इतकी गर्दी विल्फने आयुष्यात पाहिली नव्हती. अर्ध्याहून अधिक बायका डोकं धुऊन, ओल्या केसांना रुमाल बांधून आल्या होत्या. काहींनी टॉवेल आणले होते.

एकीने जिलियनला गाठलं. "माझा नंबर लवकर लाव हं बाळ, मला सर्दी होते."

"काकू, आम्ही गाणार आहोत."

"गाता गाता करता? अगं बाई, छानच की!" मग तिने जिलियनच्या पोरासारख्या कापलेल्या केसांकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुझे तुझ्याच नवऱ्याने केलेत का? मग मी आपली बसून नुसती बघते."

ज्युलियन फॅन्शॉ मागच्या बाजूला बसला होता. दिव्यांच्या उजेडातही त्याने काळा चष्मा लावला होता, त्यामुळे एडनाने त्याला आंधळा समजून हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या ताटात चमचा कुठे आहे तेही चाचपून दाखवलं. त्याच्या मांडीवर टेपरेकॉर्डर होता. मालकमने तो पाहिला. आज ही शांतता टेपवर जाणार होती.

बिंगो संपला. विल्फने मायक्रोफोनमध्ये घसा खाकरला. "मंडळी, आता स्टेजवर येताहेत आपल्या कै. हॅरल्ड ओल्डरॉइडांचे चिरंजीव, सूनबाई आणि माझा पाहुणा. सहानुभूती असू द्या."

मालकमने पहिला सूर लावला. ग्वँऽऽ.

तिसऱ्या रांगेत मर्गाट्रॉइड ताडकन उभे राहिले. "हाच! हाच तो आवाज! देवाशपथ सांगतो, हेच ते गटार!"

सगळं सभागृह वळलं. रस्त्यावरच्या चरात गेल्याच आठवड्यात ज्याचा घोटा मुरगळला होता तोही वळला. मालकमचे कान लाल झाले. इथवर त्याच्या खात्याने खणलेलं सगळं एका सुरात उघडं पडलं होतं.

"खाली बस, अल्बर्ट," विल्फ मायक्रोफोनमधून म्हणाला. "गटाराला त्याचा नंबर पुरा करू दे."

दुसरा कुणी असता तर पळाला असता. मालकमने दात आवळले आणि वाजवत राहिला. जिलियनने चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. आणि काय गंमत, ओल्या डोक्यांची ती गर्दी हळूहळू गप्प झाली. थोडी गावातल्या भिडेने, थोडी सर्दीने, पण थोडी खरंच ऐकत. 'दार वाजलं, दार वाजलं,' जिलियन गात होती, 'कोण आलं?'

सगळं थांबलं.

मालकमने डोळे मिटले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्याची शांतता, जशी त्याने मोज्यांवर उभं राहून घडवली होती अगदी तशी, लोकांवर पसरत होती. आणि बरोबर मध्यावर, भरदार, समाधानी आवाजात, विल्फ हेपवर्थ म्हणाला:

"पाय आले!"

खुर्च्या सरकल्या. टॉवेल उडाले. मर्गाट्रॉइड सगळ्यांच्या आधी खिडकीशी पोचले. शेवटचं कडवं जिलियनने गायलं, पण ते तिच्याशिवाय आणि डब्याशिवाय कुणालाही ऐकू आलं नाही.

मालकम स्टेजवरून उतरला तो सरळ विल्फच्या अंगावर जाणार होता. पण मध्ये ज्युलियन फॅन्शॉ आला, चष्मा काढून. त्याचे डोळे पाणावले होते.

"अलौकिक," तो म्हणाला. "माणूस जन्मभर विचारतो, कोण आलं? परमेश्वर? प्रेम? आणि उत्तर येतं, पाय. आणि लोक उठून जातात! मालकम, आपल्या काळावर याहून कडवट कुणी काही बोललेलं नाही. ते म्हातारे कोण, तुमचे कायमचे साथीदार का?"

"ते क्लबाचे सेक्रेटरी आहेत," मालकम म्हणाला. "आणि ते गाण्यात नाही. गाण्यात तिथे काही नाही. तेच तर गाणं आहे!"

"त्यांच्यासकट रेकॉर्ड काढू," ज्युलियन म्हणाला. "त्यांच्याशिवाय नाही."

घरी जाताना फळीवरून चर ओलांडून मालकमने दारात बसकण मारली. "मी नाही देणार," तो म्हणाला. "माझ्या शांततेत पाय घालायचे नाहीत कुणी."

जिलियन शेजारी बसली. "मालकम, आज पहिल्यांदा माणसांनी आपल्याला ऐकलं. निम्मं का होईना, पण ऐकलं. तुझी शांतता ऐकायला आधी माणसं जमायला नकोत का? जमू देत. मग एक दिवस पाय काढून टाकू."

"शेवटच्या कडव्यापर्यंत? भरल्या सभागृहात?"

"शेवटच्या कडव्यापर्यंत."

"मग शपथ घे."

तिने शपथ घेतली. मालकमने तर मनातल्या मनात कधीच घेतली होती: हे गाणं एकदा तरी, जिवंत माणसांसमोर, मध्ये कुणीही तोंड न उघडता, मी शेवटपर्यंत वाजवीन. त्यासाठी काय वाट्टेल ते करीन.

लंडनच्या स्टुडिओत विल्फला न्यायचं हेच मुळात सोपं नव्हतं. बिंगोच्या दिवशी तो येणार नाही म्हणाला. आला तर स्टुडिओत मायक्रोफोनपुढे गप्प उभा राहिला.

"म्हणा ना, विल्फ," जिलियन म्हणाली.

"पाय कुठे आहेत?"

"तुम्ही नुसतं म्हणायचंय."

विल्फने चष्मा कपाळावरून खाली घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "बाळ, मी आयुष्यात पाय आलेले नसताना पाय आले म्हटलेलं नाही. माझ्या शब्दावर माणसं उठतात."

ज्युलियनने धावपळ करून लंडनचे पाय मागवले. विल्फने एकाचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. "हे आलेत असं मी जाहीर करू शकत नाही. हे गेलेत." शेवटी एडना क्लेगडेनहून आगगाडीने पाय घेऊन आली, ते गरम केले, काचेपलीकडून तिने अंगठा दाखवला, आणि विल्फने एका दमात, एकदाच म्हटलं. पायगुण म्हणतात तो असा: रेकॉर्ड निघाली आणि बघता बघता लोकांनी डोक्यावर घेतली.

पुढची दोन-तीन वर्षं ग्रे चेंबर देशभर फिरलं आणि मालकम दात आवळत फिरला. पुढच्या खोलीतल्या त्या जुन्या कॅसेटसुद्धा रेकॉर्ड म्हणून निघाल्या. नगरपालिकेने त्याला बिनपगारी रजा दिली, साहेब म्हणाले, "जा बाबा, तू नसलास की खणणं कमी होतं." मर्गाट्रॉइड वर्तमानपत्रवाल्यांना चराची जागा दाखवायचे आणि म्हणायचे की या मुलातले गुण पहिल्यांदा आपणच ओळखले. आईने सोफ्याचं आवरण तेवढं काढलं नाही.

पण शांतता? ती कुठेच मिळेना. जिलियनने 'कोण आलं?' म्हटलं की हजार गळे ओरडत, "पाय आले!" मालकमने शांतता लहान केली, लोकांनी भरभर ओरडायला सुरुवात केली. त्याने ती गाण्याच्या सुरुवातीला नेली. लोक तिकीट काढतानाच ओरडायला लागले. एकदा त्याने कार्यक्रमाआधी हात जोडून विनंती केली. त्या रात्री स्टेजवर खरेच पाय येऊन पडले, त्यातला एक सिंथेसायझरच्या पट्ट्यांत शिरला आणि पुढचे कित्येक दिवस वरच्या सुरांना खिम्याचा वास येत होता. टीव्हीवर तर त्यांना गाण्याचा देखावाच करायचा होता, आवाज रेकॉर्डचा. तिथेही एका माणसाने मोठ्या पाटीवर 'पाय' लिहून वर धरलं. दुसरी रेकॉर्ड मालकमने हट्टाने पायांशिवाय काढली, शांतता दुप्पट लांब करून. ती एकट्या आईने घेतली. मग लोकांना आणखी नवीन काहीतरी मिळालं, ज्युलियनचे फोन येईनासे झाले, आणि एका सोमवारी मालकम आपल्या जुन्या टेबलाशी येऊन बसला. टेबलावर तक्रारी होत्या.

"झालं ते चांगलं झालं," जिलियन म्हणाली.

"शपथ राहिलीय," मालकम म्हणाला.

आणि मग विल्फचा निरोप आला. विल्फ निवृत्त होत होता. शेवटच्या शुक्रवारी ग्रे चेंबरने वाजवावं अशी त्याची इच्छा होती. मालकम क्लबात गेला आणि इतक्या वर्षांचं सगळं एका दमात त्याने बोलून टाकलं. ती शांतता काय होती, कशासाठी होती, आणि विल्फच्या दोन शब्दांनी तिचं काय झालं.

विल्फने कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं होतं, संपलं," तो म्हणाला. "सगळं थांबलं म्हणून मी म्हटलं, बाळा. बाकी आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. लंडनला मला वाटलं, तुला आवडलंय म्हणून बोलावतोयस." त्याने नाक शिंकरलं. "या शुक्रवारी तू सांगेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. हा माझा शब्द. आणि मध्ये दुसरा कुणी ओरडला, तर त्याला पाय नाही."

हे शेवटचं वाक्य विल्फने मायक्रोफोनमधून जाहीर केलं. क्लेगडेनमध्ये याहून मोठा कायदा नव्हता.

शुक्रवारी सभागृह भरलं. आई टोपी घालून पुढे बसली होती. मर्गाट्रॉइड होते. विल्फ आपल्या मायक्रोफोनशेजारी ओठ घट्ट मिटून बसला होता. डब्याच्या पाहुणेपणावर त्याने शेवटची सही केली होती.

ग्वँऽऽ. टिकटिक. जिलियनचा आवाज आता थोडा जड झाला होता आणि गाण्याला तो जास्तच शोभत होता. 'दार वाजलं, दार वाजलं, कोण आलं?'

सगळं थांबलं.

खिडकीत एडना आली. तिच्या हातात वाफाळता ट्रे होता. तिने अंगठा दाखवला. विल्फचा चेहरा जांभळा झाला, पण त्याने ओठ उघडले नाहीत. मर्गाट्रॉइडनी तोंडावर रुमाल धरला. आईने पर्समध्ये हात घातला, मीटरची आठवण होऊन, आणि मग तिने तो हळूच बाहेर काढला. कुणी खोकलंसुद्धा नाही. एवढी माणसं, जिभेच्या टोकावर आलेले ते दोन शब्द गिळून, केवळ मालकमसाठी गप्प बसली होती. मालकमला आपली शांतता पहिल्यांदा पूर्ण ऐकू आली. इतकी भरलेली ती पुढच्या खोलीतही कधी नव्हती.

'कोणीच नाही,' जिलियनने अगदी हळू म्हटलं. शेवटच्या शब्दापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. गाणं संपलं.

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या, सभ्य, मयताच्या घरी पाद्रीसाहेब छान बोलल्यावर मान हलवतात तशा. मालकम वाकला. पुन्हा वाकला. शपथ पुरी झाली होती. पण कुणी उठेना.

लोक खुर्च्यांत बसूनच राहिले. पाय वाफाळत होते, मग जरा कमी वाफाळायला लागले, तरी कुणी हलेना. घोषणा झालीच नव्हती. मालकमने विल्फकडे पाहिलं. विल्फने मिटल्या ओठांनी त्याच्याकडे पाहिलं: तू सांगेपर्यंत, असं ठरलं होतं. आणि मग विल्फ उठला, मायक्रोफोन स्टँडवरून काढला, आयुष्यभर कुणाला न दिलेला तो मायक्रोफोन घेऊन स्टेजपाशी आला आणि त्याने तो मालकमच्या हातात दिला.

मालकमने जिलियनकडे पाहिलं. तिने पहिल्यांदाच चेहऱ्यावरची माशी हलू दिली. ती हसत होती.

मालकमने दात आवळले. मग सोडले.

"पाय आले," तो म्हणाला.

छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला. इतक्या सगळ्या दौऱ्यांत त्याला कधी मिळाल्या नव्हत्या तशा टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. आई टोपी हलवत उभी राहिली. मर्गाट्रॉइड खिडकीकडे धावता धावता मागे वळून ओरडले, "शाब्बास रे पोरा!"

विल्फने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं म्हटलंस," तो म्हणाला. "पण जोर 'पाय'वर द्यायचा, बाळा. 'आले'वर नाही. पुन्हा म्हण बघू."

मालकमने घसा खाकरला आणि मायक्रोफोन तोंडाशी धरला.